लेझीमच्या पावलाने चालणारी बुलेट

भोईवाड्यात बुलेट चालवणाऱ्या बाया आता शोधल्या तर पाच-सहा मिळतील. पण नवऱ्याला मागे बसवून त्याच्या मांडीवर स्वतःचा डबा ठेवणारी एकच, ती आमची प्रिती. दुसऱ्या माळ्यावर माझ्या भिंतीला भिंत लावून राहते. तिच्याकडे कुकरला किती शिट्ट्या झाल्या हेसुद्धा मला कळतं. मी चौकशा करत नाही हं. ऐकू येतं, त्याला मी काय करणार.

परळच्या एका मोठ्या हॉस्पिटलात ती डायलिसिसची टेक्निशियन आहे. पेशंटला मशीनला जोडायचं, रक्त किती वेगाने फिरवायचं ते लावायचं, आणि मग तासन्‌तास एक डोळा मशीनवर नि एक माणसावर ठेवायचा. मी एकदा माझ्या दिराला घेऊन तिच्या वॉर्डात गेले होते. मशीन बीप झाली की ही आधी मशीनलाच विचारते, काय झालं गं बाई तुला. मग पेशंटला विचारते. मशीन खरं सांगते, पेशंट लाजतात, असं तिचं म्हणणं.

तिचा नवरा सम्यक. ज्युनियर कॉलेजात केमिस्ट्री शिकवतो. गुणी आहे, वाचतो खूप, पण दोन चाकं बघितली की तो दोन पावलं मागे सरकतो. साधी सायकल येत नाही त्याला. हा शीवला तिला बघायला गेला तेव्हा परत यायला उशीर झाला, टॅक्सी मिळेना, तर नवरीमुलीनेच त्याला बाईकवर बसवून दादरला आणून सोडला. मागचा दांडा दोन्ही हातांनी धरून आलेला हा माणूस निरोप घ्यायचासुद्धा विसरला. घरी पोचल्यावर फोन करून होकार दिला आणि एकच अट घातली, हळू चालवशील ना. ती हो म्हणाली. अट तिने कितपत पाळली ते सम्यकचे पांढरे केस बघा.

आता तिसरं माणूस, आणि खरं माणूस, म्हणजे तिची सासू. सुंदराबाई. सत्तरी कधीच ओलांडली. तरुणपणी मिलच्या वाइंडिंग खात्यात होती, मिल गेल्यावर पोळ्या लाटून पोरं शिकवली. आवाज असा की खालच्या नळावरचं भांडण वरून मिटवायची. आणि दर वर्षी बाबासाहेबांच्या जयंतीला आमच्या चाळीची मिरवणूक निघाली, की सगळ्यांच्या पुढे निळा झेंडा घेऊन सुंदराबाई. तिच्या मागे आम्हा बायकांचं लेझीम, मग ढोल, मग फोटोचा ट्रक. आमच्या पोरांची लग्नं झाली, नातवंडं झाली, पण झेंडा कधी दुसऱ्याच्या हातात गेला नाही.

मागच्या पावसाळ्यापासून तिचे गुडघे गेले. जिना उतरताना बसून बसून उतरायची. डॉक्टरने सांगून टाकलं की लांब चालणं बंद. कमिटीचे अध्यक्ष बुधाजीकाका मीटिंगमध्ये मोठ्या मनाने म्हणाले की आईंसाठी ट्रकवर खुर्ची ठेवू, वर सावली करू, पंखाही लावू. बुधाजीकाका वाईट माणूस नाही. बसचे ड्रायव्हर म्हणून रिटायर झाले, आणि अजून अख्खी चाळ म्हणजे आपली बस असल्यासारखं वागतात.

सुंदराबाई खाली आलेलीच नव्हती. गॅलरीतून ऐकत होती. तिथूनच म्हणाली, "मी काय फोटो हाय का, ट्रकवर ठेवायला?"

तेवढ्यात ड्युटीवरून आलेली प्रिती बुलेट स्टँडवर लावता लावता बोलली की आई माझ्या मागे बसतील. पुढे बुलेट, बुलेटवर आई, आईंच्या हातात झेंडा. झालं. तिने हे असं सांगितलं, जसं आज भाजी कोणती ते सांगावं.

बुधाजीकाकांनी हरकत घेतली, आणि हरकत खरी होती. प्रितीने थोड्या दिवसांपूर्वी बुलेटचा सायलेन्सर बदलला होता. पोलिसांनी धरावा असा फटफटणारा नव्हे, कागदपत्रांसकट घेतलेला, आवाज बेताचा, वजनाला हलका. त्याबरोबर एअर फिल्टरही मोकळ्या श्वासाचा घातला. गाडी वेगात असली की छान, पण हळू केली की मिसिंग मारायची. खोकल्यासारखे झटके द्यायची. चाळीच्या गेटातून आत येताना तर ठसका लागल्यासारखी उडायची, आणि आम्ही वरून म्हणायचो, आली गं दमेकरी बुलेट.

काकांनी त्यांचं ठरलेलं वाक्य टाकलं. "चांगला ड्रायव्हर तो, ज्याच्या गाडीत उभ्या माणसाच्या हातातला चहा सांडत नाही. तुझ्या गाडीत बसलेल्या माणसाचे दात पडतील." शेवटी ठरलं असं की जयंतीच्या आधी रविवारी लेझीमची पूर्ण प्रॅक्टिस असते, त्यात गाडी लेझीमच्या पुढे चालवून दाखवायची. नीट चालली तर सुंदराबाई बुलेटवर. एक झटका बसला तर ट्रक.

प्रिती म्हणाली, चालेल. वर गेली, सासूला म्हणाली, आई, साडी इस्त्रीला द्या.

गाडीला काय झालंय ते तिला ठाऊक होतं. मलाही तिने समजावलं, भाकरी थापता थापता. इंजिन म्हणजे पीठ मळणं आहे. हवा म्हणजे पीठ, पेट्रोल म्हणजे पाणी. नवीन फिल्टर आणि सायलेन्सर लावल्यामुळे पीठ जास्त यायला लागलं, पण गाडीच्या कॉम्प्युटरला कंपनीने शिकवलंय तेवढंच पाणी तो घालतोय. मग गोळा कोरडा होणार, चिरा पडणार. तिने प्लग काढून दाखवला तर त्याचं टोक खडूसारखं पांढरं. मला म्हणाली, हा रंग धने भाजल्यासारखा दिसायला पाहिजे. मी म्हटलं, मग जाळ कमी कर. ती हसली, म्हणाली, मावशी, पाणी वाढवायचंय. त्याला फ्युएल कंट्रोलर लागतो. इंजिन आणि त्याच्या कॉम्प्युटरच्या मध्ये बसणारा छोटा डबा, जो कुठल्या वेगाला किती पेट्रोल जास्त घालायचं ते सांगतो.

आता डबा निवडायचा म्हणजे सम्यकचा सण. हा माणूस मोबाइल घ्यायचा असला तरी महिनाभर वाचतो. प्रिती घरी आली की हा सुरू. मला भिंतीपलीकडून सगळं पाठ झालं. शेवटी ते दोघं शीव कोळीवाड्याच्या धनेशच्या गॅरेजला गेले, आणि मीही गेले. मला सुकट घ्यायची होती, वाटेतच आहे.

धनेशने बाकड्यावर तीन डबे मांडले. पोरगा बोलघेवडा, हात काळे, टी-शर्ट पांढरा, हे कसं जमतं देव जाणे. पहिला डबा सगळ्यात स्वस्त. तो इंजिनला थाप मारतो की बाहेर गारठा आहे, मग इंजिन घाबरून सगळीकडे जास्त पेट्रोल ओततं. म्हणजे लहान पोराला रडवून दूध पाजल्यासारखं. धनेश म्हणाला, हेच जास्त खपतात. प्रितीने तो उचललाही नाही. पेशंटला खोटं सांगायचं नाही आणि मशीनलाही नाही, एवढंच बोलली.

दुसऱ्या डब्यात सगळं कोष्टक आधीच भरलेलं. लॅपटॉप जोडायचा, कोष्टक दिसतं, आडवं इंजिन किती फिरतंय, उभं रेस किती दिलीय, आणि प्रत्येक चौकटीत एक आकडा. हाताने बदलता येतो. सम्यकचा जीव यावर जडला. कोष्टक बघितलं की त्याचे डोळे असे होतात, जसे दुसऱ्यांचे बिर्याणी बघून.

तिसरा डबा स्वतः शिकणारा. त्याचा एक सेन्सर सायलेन्सरच्या नळीत बसतो, धूर हुंगतो, कोरडं आहे का ओलं ते ओळखतो आणि त्या त्या चौकटीत स्वतःच आकडा बदलत जातो. तुम्ही फक्त गाडी चालवायची. धनेशचं मत हाच घ्या. सम्यकचं मत, स्वतः शिकणाऱ्या गोष्टींवर विश्वास ठेवू नये, तो अकरावीच्या पोरांवरही ठेवत नाही.

प्रितीने एकच प्रश्न विचारला. तो शिकला ते मला दिसेल का, आणि पटलं नाही तर हाताने बदलून बंद करता येईल का? धनेशने दाखवलं की येतं. मग तिने तिसराच घेतला. वॉर्डात तिच्याकडे नव्या मशिनी स्वतःहून बरंच ठरवतात, पण नाजूक पेशंट आला की ती ते बंद करते आणि हात लावते. दोन्ही पाहिजे, असं तिचं म्हणणं. घरात कूलर यायचा होता, तो पुढच्या उन्हाळ्यावर गेला. सम्यक घरी आल्यावर पेपरने वारा घेत बसला, मला दिसेल असा.

मग सुरू झाली शाळा. सकाळी उजाडलं की दोघं निघायचे. रिकाम्या रस्त्यावर गाडी शिकते चांगली, असं धनेशने सांगितलेलं. वरळी सी-फेस, हाजी अली, गिरगाव चौपाटीवरून मरिन ड्राइव्ह, आणि परत. कधी हळू, कधी जोरात, कधी चढावर. सम्यक मागे पोटाशी लॅपटॉपची बॅग धरून. परत येताना इडल्या. अशी ट्युनिंग असेल तर मीही मेकॅनिक होते.

आठवड्यात गाडीचा सूर बदलला. लोण्यासारखी पळायला लागली. प्लग काढला तर टोक अगदी येसर मसाल्यासाठी भाजलेल्या धन्याच्या रंगाचं. तो तिने चाळभर दाखवला. कोणी नवा दागिना दाखवत नाही एवढ्या हौसेने. सुंदराबाईसाठी निळं हेल्मेट आणलं, आणि म्हातारीने आरशात बघून एवढंच विचारलं की फेटा आतून का बाहेरून.

रविवार आला. चाळीसमोरच्या पटांगणात आम्ही बाया लेझीम घेऊन उभ्या. पहिल्या रांगेत मी, माझ्या जागेवरून मला कोणी हलवून दाखवावं. पुढे बुलेट, बुलेटवर सुंदराबाई, हातात बांबूला लावलेला झेंडा. बुधाजीकाका बाजूला, डोक्यावर पांढरी टोपी. शिट्टी वाजली, ढोल पडला, आम्ही निघालो.

पहिली काही पावलं ठीक. मग गाडी खोकली. मग परत खोकली. मग असा झटका दिला की सुंदराबाई मागे गेली, बांबू आडवा झाला आणि काकांची टोपी उडून ढोलावर पडली. लेझीम टाकून मी आणि माझ्या बाजूच्या दर्शनाने म्हातारीला दोन्ही बाजूंनी धरलं, नाहीतर ती खालीच आली असती. बुलेट बंद पडली. ढोलवाला मात्र टोपीवर एक काठी मारून थांबला. त्याचा हात चालू होता, त्याचा काय दोष.

कोणी हसलं नाही. हसण्यासारखं होतं, पण सुंदराबाईचा चेहरा बघून कोणाला हसू आलं नाही. काकांनी टोपी झटकली आणि हळूच म्हणाले की ट्रकवाल्याला फोन करतो.

सुंदराबाई वर गेली, कठड्याला धरून. थोड्या वेळाने मी चहा घेऊन गेले तर ती पांढरी साडी परत पेटीत ठेवत होती. इस्त्री मोडू नये म्हणून अलगद. मला म्हणाली, "ट्रकवर न्हाय बसायची मी. खिडकीतनं बघीन." दारात प्रिती उभी होती. तिने ऐकलं. तशीच खाली गेली आणि गाडीपाशी लॅपटॉप उघडून बसली.

रडली वगैरे नाही हं. प्रिती रडणारी असती तर मला आधी कळलं असतं. ती चिडली होती, आणि चिडली की तिचं डोकं चालतं. कोष्टक उघडलं तर डब्याने शिकलेल्या चौकटी हिरव्या दिसत होत्या. मधला सगळा भाग हिरवागार, वरचाही बऱ्यापैकी. आणि खाली डाव्या कोपऱ्यात, जिथे गाडी जेमतेम हलते तिथे, सगळं कोरं. एकही चौकट शिकलेली नाही.

ती सम्यकला म्हणाली, "जिथे आपण गेलोच नाही, तिथलं ती शिकणार कशी?"

बघा म्हणजे. मिरवणुकीसाठी गाडी तयार करायची, आणि शिकवली कुठे, तर मोकळ्या मरिन ड्राइव्हवर. दुसरा कोणी असता तर त्याला हे चाललं असतं, पळवून आणली की काम झालं. आम्हाला हवी होती गर्दीत, ढोलासमोर, बायकांच्या पावलाने चालणारी. पोहायला शिकवून दळणाला पाठवली गाडीला.

तिने काकांना एवढंच विचारलं की ट्रकवाल्याला खुर्चीचं कधीपर्यंत सांगावं लागेल. काका म्हणाले, गुरुवारपर्यंत. ती म्हणाली, मग बुधवारी परत बघा.

सोमवारपासून प्रॅक्टिसला प्रिती हजर, ड्युटी सकाळची मागून घेतलेली. लेझीमच्या पुढे बुलेट, मागे सम्यक. सुंदराबाईच्या जागी वजन पाहिजे म्हणून तो, आणि झेंड्याच्या जागी त्याच्या हातात जळमटं काढायचा लांब झाडू. मांडीवर लॅपटॉप उघडा. कॉलेजचा प्रोफेसर झाडू उभा धरून लेझीमच्या पुढून चाललाय, हे दृश्य बघायला समोरच्या चाळीतले लोक खुर्च्या घेऊन आले. मी त्याला म्हटलं, सम्यक, झाडू जरा हलव, जाताजाता आमचंही जळमट निघू दे. तो म्हणाला, मावशी, आकडा चुकेल.

गाडी शिकायला लागली, पण एक गंमत. आज शिकलेलं उद्या विसरायची. इतक्या हळू चालताना नळीत बाहेरची हवा घुसते म्हणे, मग सेन्सरला वास नीट येत नाही. तो कधी म्हणतो कोरडं, कधी म्हणतो ओलं. डबा बिचारा एकदा पेट्रोल वाढवतो, एकदा कमी करतो. प्रितीने त्या कोपऱ्यातलं शिकणं बंद करून टाकलं आणि आकडे हाताने घातले. थोडा वाढव, एक फेरी मार, बघ. परत थोडा. वॉर्डात अशक्त माणसाचं रक्त फिरवताना ती हेच करते, एकदम वेग देत नाही.

मंगळवारपर्यंत खोकला बराचसा गेला. पण एक झटका राहिला तो राहिलाच. सरळ चालताना नाही यायचा. मध्येच यायचा, कधी येईल सांगता येत नव्हतं. धनेश स्वतः शीववरून येऊन कान लावून गेला. तो तिला म्हणाला, "ताई, माझ्याकडे सगळे गाडी पळवायला डबा बसवतात. चालवायला बसवणाऱ्या तुम्ही पहिल्या." त्यालाही झटका पकडता आला नाही.

तेव्हा प्रितीने जे केलं ते मला अजून आवडतं. तिने गाडी स्टँडवर लावली, चावी काढली, आणि दर्शनाच्या हातातलं लेझीम मागून घेतलं. रांगेत माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. लग्न होऊन या चाळीत आली तेव्हापासून तिने लेझीम हातात धरलं नव्हतं. जयंतीची सुट्टी मिळावी म्हणून त्याआधीच्या सगळ्या संध्याकाळच्या ड्युट्या ही दर वर्षी घ्यायची, मग प्रॅक्टिसला येणार कधी. मिरवणुकीत चालायची, पण आपली कडेकडेने, सासूसाठी पाण्याची बाटली धरून.

शिट्टी वाजली. अगं बाई, काय नाचली ती. आम्ही उजवीकडे तर ही डावीकडे. आम्ही खाली वाकलो तर ही उभी, आम्ही उठलो तर ही खाली. मी म्हटलं, मशीन बरी चालवतेस, स्वतःला ट्युनिंग कोण करणार? पण तिचं लक्ष माझ्याकडे नव्हतंच. ती पायांकडे बघत होती. चार पावलं पुढे, मग वाकून दोन पावलं मागे, एक ठेका जागेवर, आणि परत पुढे.

ती मध्येच थांबली. तिला बघून मीही थांबले, तर माझ्यावर मागची बाई आदळली.

म्हणाली, "मावशी, तुम्ही मागे जाता."

मी म्हटलं, जातो की. लेझीम आहे, गटाराची लाइन नाही सरळ जायला.

मग तिने सांगितलं. आम्ही मागे सरकलो की तिचा हात आपोआप रेस सोडायचा, गाडी क्लचवर थांबायची. आम्ही परत पुढे निघालो की मागून ढोल अंगावर येतो म्हणून ती रेस द्यायची. बंद रेस उघडते तो जो पहिला केसाएवढा क्षण आहे, त्याच वेळी इंजिनला एक घोट पेट्रोल जास्त पाहिजे होतं, आणि तेच मिळत नव्हतं. झटका तिथला होता. सरळ चालवून तो सापडणारच नव्हता. धनेशने गाडी सरळ चालवली, सम्यकने कोष्टक सरळ वाचलं. मागे कोण जातं? लेझीमवाल्या जातात.

त्याच संध्याकाळी तिने ती एक ओळ वाढवली, रेस बंद असताना आणि नुसती उघडताना लागणारी. गाडी जागेवर उभी असतानाचं पेट्रोलही किंचित वाढवलं, म्हणजे एप्रिलच्या उकाड्यात उभी राहून तापणार नाही. मग झाडूवाले प्रोफेसर परत मागे बसले. आम्ही पुढे-मागे, पुढे-मागे, आणि गाडी आमच्यापुढे जशी शहाणी सून. खोकला नाही, ठसका नाही. सम्यक पहिल्यांदा लॅपटॉपमधून मान वर काढून म्हणाला की लग्नाच्या वेळची अट आज पाळली गेली.

बुधवारी बुधाजीकाका आले. त्यांनी सुंदराबाईला बसवू दिलं नाही. म्हणाले, आधी दुसरा कोणी बसा. प्रिती म्हणाली, तुम्हीच बसा काका. काकांच्या हातात नुकताच दर्शनाने दिलेला चहा होता, काठोकाठ, वाफ येत होती. ते कप ठेवायला कट्टा शोधायला लागले.

प्रिती म्हणाली, "कप राहू दे हातात."

आता अख्ख्या चाळीसमोर नाही कसं म्हणणार. आयुष्यभर हेच वाक्य ऐकवत आलेला माणूस. पांढरा शर्ट, पांढरी पँट, आणि बाईच्या मागे बाईकवर बसण्याची पहिलीच वेळ. एका हाताने दांडा, एका हातात कप. शिट्टी वाजली. आम्ही मुद्दाम जरा जास्तच मागे जात होतो, हे मी कबूल करते, पण मजा कोण सोडतं. पटांगणाची पूर्ण फेरी झाली. वळणावर काकांनी कपाकडे बघितलं. दुसऱ्या वळणावर एक घोट घेतला. तिसऱ्याला आणखी एक. परत गेटाशी आलो तेव्हा कप रिकामा होता आणि शर्ट जसा दुकानातून आणलाय तसा.

ते खाली उतरले, कप दर्शनाला दिला, खिशातून मोबाइल काढला आणि ट्रकवाल्याला सांगितलं की खुर्ची नको, फक्त फोटो.

मी वर बघितलं. गॅलरीत सुंदराबाई नव्हती. आतून पेटीची कडी वाजल्याचा आवाज आला.

जयंतीच्या दिवशी त्रिसरण-पंचशील झालं, खीर झाली, आणि ऊन उतरल्यावर मिरवणूक निघाली. पुढे बुलेट. तिच्यावर पांढऱ्या साडीतली सुंदराबाई, डोक्यावर निळं हेल्मेट आणि त्याच्यावरून गुंडाळलेला निळा फेटा, कारण तो प्रश्न तिने स्वतःच सोडवला होता. हातात झेंडा, ताठ. भोईवाड्याच्या कोर्टासमोर दुसऱ्या चाळीची मिरवणूक आडवी आली आणि आम्ही खूप वेळ एकाच जागी खेळत राहिलो. चार पुढे, दोन मागे, वाका, उठा. माझ्या कपाळावरून घाम डोळ्यांत जात होता. गाडी पुढे हळू आवाजात श्वास घेत उभी. आम्ही मागे की ती थांबलेली, आम्ही पुढे की ती पुढे. सम्यक कडेने पाण्याची बाटली घेऊन चालला होता, लॅपटॉप नि झाडू नसल्यामुळे त्याला काय करावं कळत नव्हतं. लोक फोटो काढत होते, आणि बुधाजीकाका ज्याला त्याला सांगत होते की गाडी आपण टेस्ट केलीय.

नायगावकडे वळताना मी जरा पुढे सरकले, म्हातारी दमली की काय बघायला. तिचे डोळे मिटत होते. मी हात लावला तशी दचकून झेंडा सावरला आणि पुढे वाकून सुनेच्या खांद्यावर टिचकी मारली.

"प्रिती, एखादा झटका दे गं," ती म्हणाली. "झोप याया लागली."

प्रितीने काही झटका दिला नाही. आकडे तिने लॉक केले होते ना. पण मिरवणूक संपली, ट्रक वळला, ढोल खांद्यावरून उतरले, तेव्हा तिने सासूला विचारलं की हेल्मेटचा पट्टा घट्ट आहे का. मग रस्ता मोकळा बघून रेस दिली. झेंडा फडाफडा वाजला आणि दोघी दादरच्या दिशेने गेल्या, मरिन ड्राइव्हवर शिकलेलं सगळं दाखवायला.

सम्यक फुटपाथवर बाटली घेऊन उभा. मी म्हटलं, चल बाबा, आपण चालत जाऊ.